जोहोरचा बांध

मागच्या वर्षी आई माझ्याकडे सिंगापूरला आली होती, तेव्हा एका रविवारी सकाळी मी तिला बेटाच्या उत्तर टोकाच्या वुडलँड्सहून आगगाडीने सामुद्रधुनीपलीकडच्या, मलेशियातल्या जोहोर बाहरूला घेऊन गेलो. येथील मराठी मंडळी या गावाला नुसते ‘जेबी’ म्हणतात, आणि बहुतेक जण तेथे किराणा, दाढी-कटिंग किंवा दाताच्या डॉक्टरसाठी जातात. गाडीचा प्रवास पाच मिनिटांचा असला तरी त्याआधी दोन देशांच्या खिडक्यांसमोर उभे राहावे लागते, आणि तिकीट महिनाभर आधी काढले नसेल तर सुट्टीच्या दिवशी ते मिळतच नाही. आईने हे सारे निमूटपणे सोसले. गाडी सुटल्यावर मात्र ती खिडकीला नाक लावून बसली आणि दोन मिनिटांनी वळून म्हणाली, “तू तर पूल पूल म्हणत होतास. हा पूल कुठे आहे? हा बांध आहे. खालून पाणी जातंय कुठे?”

आईचे माहेर अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातले. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध, त्यातून पावसाचे पाणी बाहेर सोडणारी उघाडी आणि उधाणाने बांध फुटून पडलेली खांड या गोष्टी तिने लहानपणापासून पाहिल्या आहेत. मी या शहरात इतकी वर्षे राहून, शेकडो वेळा ही सामुद्रधुनी ओलांडूनही जे माझ्या ध्यानात आले नव्हते, ते तिने दोन मिनिटांत सांगितले. मलय भाषेत या रस्त्याला ‘तांबाक जोहोर’ म्हणतात, आणि ‘तांबाक’ म्हणजे बांध किंवा भराव. इंग्रजी शब्द तोंडात बसल्यामुळे आम्ही सगळे ‘कॉजवे’ म्हणतो आणि मनात मात्र पूल धरून चालतो. त्या दिवसापासून मी या बांधाविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यातून लक्षात आलेली पहिली गोष्ट अशी की, रोज तीन लाखांहून अधिक माणसे ज्याच्यावरून बस, मोटारी आणि मोटरसायकली घेऊन जातात, तो हा बांध मुळात आगगाडीसाठी घातला होता. दुसरी गोष्ट अशी की, लोकांना वुडलँड्सला गाडीतून उतरावे लागू नये, एवढ्यासाठीच तो घातला होता.

सिंगापूर बेटावर रेल्वे आली ती १९०३ साली. शहरातल्या टँक रोड स्थानकापासून निघालेला मार्ग त्या वर्षीच्या जानेवारीत बुकित तिमापर्यंत आणि एप्रिलमध्ये बेटाच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सपर्यंत पोहोचला. तेथे रूळ संपत आणि समुद्र सुरू होई. जोहोरला जाणारा प्रवासी सामान घेऊन गाडीतून उतरे, धक्क्यावर येई, वाफेच्या बोटीत बसे आणि पलीकडे उतरे. तोपर्यंत पलीकडे रेल्वे नव्हतीच, त्यामुळे ही उतरण्याची कटकट कोणाला फारशी जाणवत नसावी. १९०९ साली जोहोर संस्थानातून जाणारा मार्ग पुरा झाला आणि पिनांगसमोरच्या प्राय बंदरापासून जोहोर बाहरूपर्यंत मलाया द्वीपकल्पाची सलग लोहवाट तयार झाली. आता दोन्ही तीरांवर एकाच रुंदीचे रूळ एकमेकांकडे तोंड करून थांबले होते आणि मधले जेमतेम किलोमीटरभर पाणी आडवे येत होते. हे रूळ मीटरगेज होते, म्हणजे आपल्याकडे अकोला-खंडवा मार्गावर अलीकडेपर्यंत होते तेच. आजची गाडीही त्याच रुंदीच्या रुळांवरून धावते, आणि डब्यात शिरताना तो अरुंदपणा मला अजूनही ओळखीचा वाटतो.

मालाच्या डब्यांसाठी रूळ बसवलेले तराफे वापरात आले. डबे तराफ्यावर ढकलायचे, तराफा पलीकडे न्यायचा आणि तेथे डबे पुन्हा रुळांवर ओढून घ्यायचे, असे काम चाले. त्या काळात मलायातले रबर आणि कथील जगभर जात होते, मोटारींचे टायर वाढत होते, आणि हा सारा माल सिंगापूर बंदराकडे धावत होता. एका वेळी थोडेच डबे नेणाऱ्या तराफ्यांची मजल कुठवर जाणार? तराफे वाढवले, रात्रंदिवस चालवले, तरी दोन्ही काठांवर डब्यांच्या रांगा लागत. मुंबईकरांना ही गोष्ट नीट समजायची असेल तर अशी कल्पना करावी, की कल्याणहून आलेली प्रत्येक मालगाडी ठाण्याच्या खाडीपाशी थांबते आणि तिचे डबे चार-चार करून होडीने पलीकडे जातात. आपल्या सुदैवाने बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग १८५३ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी खाडीवरच्या पुलांनी तो कल्याणला जाऊन मिळाला. मुंबई हे बेट होते याची आठवण आज शीव-कुर्ल्याच्या दरम्यान किंवा ठाणे-कळव्याच्या दरम्यान लोकलमध्ये उभ्या असलेल्या कोणालाही होत नाही. सिंगापूर-जोहोरचे नेमके उलटे झाले.

१९१७ साली मलाया संघराज्यांच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या संरक्षणाखालच्या चार मलय संस्थानांच्या, सार्वजनिक बांधकाम खात्याचे संचालक विल्यम एअर केनी यांनी पुलाऐवजी दगडांचा भराव घालण्याची योजना पुढे मांडली. पोलादी पुलाचा विचार आधी झाला होता, पण त्याचा खर्च मोठा होता, त्याची देखभाल कायमची मागे लागणार होती, आणि पहिल्या महायुद्धामुळे पोलाद सहज मिळण्यासारखे राहिले नव्हते. उलट दगडाला तोटा नव्हता. सिंगापूरच्या ईशान्येला असलेल्या पुलाउ उबिन बेटावर आणि खुद्द सिंगापूरच्या मध्यावर असलेल्या बुकित तिमा टेकडीत उत्तम ग्रॅनाइट होता, आणि खाणी आधीपासून चालू होत्या. दगड समुद्रात टाकत राहायचे, ते पाण्याच्या वर येईपर्यंत थांबायचे नाही, असा हा सरळ हिशेब होता. खारेपाटातल्या कोणत्याही शेतकऱ्याला तो पटला असता. खर्चाचा भार मलाया संघराज्ये, जोहोर संस्थान आणि सिंगापूर जिच्यात मोडत होते ती स्ट्रेट्स सेटलमेंट्स ही ब्रिटिश वसाहत, अशा तीन सरकारांनी वाटून घेतला. एकूण खर्च सुमारे १ कोटी ७० लाख स्ट्रेट्स डॉलरच्या घरात गेला.

१९१९ सालच्या जूनमध्ये काम टोफॅम, जोन्स अँड रेल्टन या ब्रिटिश ठेकेदारांना मिळाले. सिंगापूर बंदरातली किंग्ज डॉक त्यांनीच काही वर्षांपूर्वी बांधली होती, त्यामुळे येथले पाणी, गाळ आणि मजूर त्यांना नवे नव्हते. २४ एप्रिल १९२० रोजी पायाभरणीचा समारंभ झाला. आता समुद्रात पाया कोठे भरणार? म्हणून स्ट्रेट्स सेटलमेंट्सचे गव्हर्नर लॉरेन्स गिलेमार्ड सामुद्रधुनीत नौकेवर उभे राहिले आणि पहिला दगडांचा ढीग बार्जमधून पाण्यात सोडला गेला. कोनशिला पाण्याखाली जाऊन दिसेनाशी होते असा समारंभ मला तरी दुसरा ठाऊक नाही. जोहोरचे सुलतान इब्राहिम या कार्यक्रमाला हजर होते. हे नाव लक्षात ठेवावे, कारण नव्वद वर्षांनी ते या कथेत पुन्हा येणार आहे.

कामाच्या क्रमात एक शहाणपण होते. सामुद्रधुनीतून स्थानिक गलबते आणि छोटी जहाजे ये-जा करीत होती. सलग भराव घातला असता तर बेटाच्या पूर्वेकडच्या होड्यांना पश्चिमेकडे जायला साऱ्या बेटाला वळसा पडला असता. म्हणून भरावाआधी जोहोरच्या टोकाला जहाजांसाठी जलपाशाची, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली, पाण्याची वाट बांधून घेतली. सुमारे १७० फूट लांब आणि ३२ फूट रुंद अशी ती वाट होती. भराव जसजसा पुढे जाईल तसतसे भरती-ओहोटीचे पाणी दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या पातळीवर राहणार हे इंजिनियरांना ठाऊक होते, त्यामुळे नुसते भोक ठेवून भागणार नव्हते, दरवाजेही हवे होते. त्या वाटेवरून रूळ आणि रस्ता नेणारा पूल उचलता येण्याजोगा केला होता. होडी आली की पूल वर आणि आगगाडी आली की पूल खाली. आईच्या भाषेत बोलायचे तर ही उघाडीच, फक्त पाण्याऐवजी होड्यांसाठी ठेवलेली.

मग दगड पडत राहिले. सुमारे १५ लाख घनयार्ड दगड या कामात गेला. दोन हजारांहून अधिक मजूर कामावर होते. खाणीतला दगड बार्जमध्ये भरायचा, बार्ज ओढत आणायची, ठरल्या जागी तिचा तळ उघडायचा, आणि रिकामी बार्ज परत खाणीकडे न्यायची, असे ते काम वर्षानुवर्षे चालले. पाण्यात पडलेल्या दगडाचे काही दिसत नाही. ज्याने खाडीच्या दलदलीत भराव पाहिला आहे, त्याला ठाऊक असते की पहिले अनेक महिने पाण्यावर काहीच उमटत नाही आणि पैसे मात्र बुडत राहतात. या कामाच्या काळात युद्धोत्तर मंदी आली, रबराचे भाव घसरले आणि एवढा पैसा पाण्यात का घालायचा, असा सूर निघाला. दगड अर्धवट टाकून थांबता येत नाही, हाच बहुधा त्या योजनेचा सर्वांत भक्कम बचाव ठरला असावा, असे मला वाटते.

तयार झालेला बांध ३,४६५ फूट, म्हणजे १,०५६ मीटर लांब होता आणि माथ्यावर ६० फूट रुंद होता. त्यावर मीटरगेजचे दोन रूळमार्ग, शेजारी २६ फूट रुंदीचा रस्ता आणि पाण्याच्या नळांसाठी राखलेली पट्टी, अशी मांडणी होती. १७ सप्टेंबर १९२३ रोजी मालगाड्या आणि १ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रवासी गाड्या त्यावरून जाऊ लागल्या. रस्त्यासह सारे काम पुरे होऊन औपचारिक उद्घाटन झाले ते २८ जून १९२४ रोजी, गव्हर्नर गिलेमार्ड यांच्याच हस्ते. म्हणजे समारंभाच्या फिती कापल्या जाण्याआधी नऊ महिने गाड्या धावत होत्या. रेल्वेची गरज किती निकडीची होती आणि रस्ता किती दुय्यम होता, हे या दोन तारखांतल्या अंतरावरून कळते. वुडलँड्सला उतरणे संपले. सिंगापूरला गाडीत बसलेला माणूस झोप काढून क्वालालंपूरला जागा होऊ लागला, आणि काही वर्षांत वुडलँड्स हे वाटेवरचे एक किरकोळ स्थानक होऊन गेले.

१९३२ साली सिंगापूर शहरातले रेल्वेचे टोक टँक रोडवरून हलवून बंदराजवळच्या तांजोंग पागार येथे नेले. त्या स्थानकाच्या दर्शनी भागावर संगमरवराच्या चार भव्य मूर्ती आहेत, शेती, उद्योग, व्यापार आणि वाहतूक यांच्या, आणि त्यांच्या डोक्यांवर मलाया संघराज्यांच्या रेल्वेची चार आद्याक्षरे कोरली आहेत. मी २००६ साली येथे नोकरीला आलो, तेव्हा हे स्थानक चालू होते. फलाटाशेजारच्या उपाहारगृहात पराठे आणि तेह तारिक, म्हणजे वरून ओतून फेसाळलेला दुधाचा चहा, मिळे, छताखाली पंखे संथपणे फिरत, आणि सिंगापूरच्या इतर साऱ्या चकचकीत जगापुढे ते स्थानक भुसावळच्या एखाद्या जुन्या प्रतीक्षागृहासारखे दिसे. त्या मूर्ती मी तेव्हा अनेकदा पाहिल्या, पण त्या चारही जणी ज्या एका बांधाच्या जिवावर उभ्या होत्या, त्याचा विचार कधी मनात आला नाही.

बांधावरून रेल्वेखेरीज आणखी एक गोष्ट गेली, आणि पुढे तीच सर्वांत महत्त्वाची ठरली. १९२७ साली सिंगापूरच्या नगरपालिकेने जोहोरच्या सुलतानांशी करार करून गुनुंग पुलाई येथून पाणी आणण्याचा हक्क मिळवला, आणि ते पाणी बांधावरच्या नळांतून बेटावर येऊ लागले. आजही गाडीच्या खिडकीतून हे मोठे नळ दिसतात. १९६२ सालच्या करारान्वये सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन पाणी घेऊ शकते, हजार गॅलनला तीन सेन (सेन म्हणजे मलेशियन रिंगिटचा शंभरावा भाग) या दराने, आणि हा करार २०६१ पर्यंत चालणार आहे. शुद्ध केलेल्या पाण्याचा काही भाग जोहोरला परत जातो. या तीन सेनवरून दोन्ही देशांत किती शाई आणि किती वाफ खर्च झाली आहे, ते सांगू लागलो तर हा लेख नळातूनच वाहून जाईल.

आता खांडीविषयी. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायाच्या उत्तर टोकाला उतरल्या आणि दोन महिन्यांच्या आत त्यांनी ब्रिटिश, भारतीय आणि ऑस्ट्रेलियन फौजांना द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकापर्यंत रेटत आणले. जानेवारीच्या शेवटच्या रात्री हजारो सैनिक, ट्रक आणि तोफा या एका किलोमीटरवरून बेटाकडे परतत होत्या. ३१ जानेवारी १९४२ च्या सकाळी शेवटी स्कॉटलंडच्या आर्गाइल पलटणीचे उरलेसुरले सैनिक आले, त्यांचे दोन बॅगपाइपवाले वाजवत होते, आणि त्यांच्या मागे बांधाला सुरुंग लावण्यात आला. जोहोरकडच्या जलपाशावरचा उचलता पूल नष्ट झाला आणि भरावात सुमारे ७० फुटांची खांड पडली. वादन, शिस्त, शेवटचे सैनिक असे हे चित्र इंग्रजी लिखाणात फार येते. त्याच वेळी आपली २२ वी भारतीय ब्रिगेड जोहोरच्या जंगलात वाट चुकून मागे राहिली होती, हे मात्र ओझरते सांगितले जाते. ती ब्रिगेड रेल्वेमार्गाच्या कडेने लढत मागे येत होती. मागचा एक रेल्वेपूल वेळेआधी उडवला गेल्याने तिचा संपर्क तुटला. ती समुद्रापर्यंत पोहोचण्याआधीच बांध फुटला होता आणि तिच्यातल्या बहुतेकांना शरण जावे लागले. फुटलेल्या बांधाच्या अलीकडे उभे राहणारे नेहमी सुटल्याच्या आनंदात असतात. पलीकडे कोण राहिले ते मागाहून मोजले जाते.

तेव्हा रॅफल्स कॉलेजात शिकत असलेल्या, पुढे सिंगापूरचे पहिले पंतप्रधान झालेल्या ली क्वान यू यांनी तो स्फोट शहरात ऐकला होता, आणि ब्रिटिश साम्राज्याचा हा शेवट आहे असे उद्गार त्यांनी काढले होते, ही आठवण त्यांनी पुढे स्वतः सांगितली आहे. लष्करी दृष्टीने पाहता त्या खांडीचा उपयोग थोडाच झाला. ओहोटीच्या वेळी तेथे जेमतेम चार फूट पाणी उरे, माणूस चालत जाऊ शकेल इतके. खांड बुजवण्याआधीच, ८ फेब्रुवारीच्या रात्री, जपानी सैन्य होड्यांतून बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर उतरले. पुढच्या दोन दिवसांत बांधाजवळचा क्रांजीकडचा काठही त्यांच्या हाती गेला, आणि बांध दुरुस्त करून त्यांनी त्यावरून आपले रणगाडे आणि तोफा आणल्या. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. स्फोटात पाण्याचे नळही तुटले होते, म्हणजे बेटाने आपल्याच हाताने आपले बरेचसे पाणी तोडले होते. त्याच वर्षीच्या जूनपासून, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामासाठी, युद्धकैद्यांच्या गाड्या याच बांधावरून उत्तरेकडे निघू लागल्या. धान्य वाहण्याच्या पोलादी डब्यांत तीसेक माणसे कोंबलेली असत, आणि चार-पाच दिवसांनी ती सयाममध्ये उतरवली जात. बांध घालताना रबराच्या डब्यांचा जो अखंड प्रवास इंजिनियरांच्या डोळ्यांपुढे होता, तो असा उपयोगी पडला.

युद्धानंतर डागडुजी झाली, पण तो उचलता पूल पुन्हा उभारला नाही. उघाडी बंद झाली ती कायमची, आणि सामुद्रधुनीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच लांबलचक द्यावे लागते: पाणी बांधाखालून जात नाही, होड्याही जात नाहीत, आणि दोन्ही बाजूंचा समुद्र आपापल्या भरतीने वर-खाली होतो. मलेशियाने या शतकाच्या आरंभी बांध मोडून त्या जागी वळणदार पूल बांधायचे ठरवले होते, म्हणजे खालून जहाजे जाऊ शकतील. सिंगापूर तयार नसल्याने आपल्या अर्ध्या भागापुरता वाकडा पूल बांधण्यापर्यंत महातीर मोहम्मद यांचे बोलणे गेले होते. एप्रिल २००६ मध्ये त्यांच्यानंतरचे पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांनी ती योजना रद्द केली. अर्धा पूल आणि अर्धा बांध ही रचना प्रत्यक्षात आली असती तर ती बघायला मी नक्की गेलो असतो, पण तिच्यावरून आगगाडी कशी चढली असती हे मला अजून उमगलेले नाही.

१९६३ साली सिंगापूर मलेशियात सामील झाले आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी वेगळे झाले. १९६७ पासून बांधाच्या टोकांना पासपोर्ट तपासणी सुरू झाली, आणि येथून रेल्वेची गोष्ट विचित्र होत गेली. सिंगापूरमधल्या रेल्वेची जमीन १९१८ साली मलाया संघराज्यांना ९९९ वर्षांसाठी दिली गेली होती, आणि वारशाने ती मलेशियाच्या रेल्वेकडे आली. त्यामुळे स्वतंत्र सिंगापूरच्या ऐन पोटातून, तांजोंग पागारपासून वुडलँड्सपर्यंत, दुसऱ्या देशाच्या रेल्वेची सुमारे २४ किलोमीटर लांबीची पट्टी जात होती. १९९० साली यावर करार झाला आणि त्या कराराचा अर्थ काय यावर पुढची वीस वर्षे वाद झाला. १९९८ मध्ये सिंगापूरने आपली रेल्वे तपासणी वुडलँड्सला हलवली, मलेशियाने आपली हलवायला नकार दिला. परिणामी उत्तरेकडे जाणारा प्रवासी आधी तांजोंग पागारला कागदोपत्री मलेशियात शिरे आणि नंतर तासाभराने वुडलँड्सला उतरून सिंगापूर सोडे. मी स्वतः एकदा असा, न सोडलेल्या देशात बसून, दुसऱ्या देशातला प्रवासी म्हणून जंगलातून प्रवास केला आहे. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ शांतपणे उकडलेले शेंगदाणे खात होते. त्यांना यात काही वावगे दिसत नव्हते.

हा गुंता २०१० साली सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली स्येन लूंग आणि मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांच्यातल्या समझोत्याने सुटला. रेल्वेच्या जमिनीच्या बदल्यात सिंगापूरने शहरातल्या मोक्याच्या जागा दोन्ही देशांच्या संयुक्त कंपनीला दिल्या, आणि १ जुलै २०११ पासून तांजोंग पागार बंद करून रेल्वेचे टोक वुडलँड्सला आणण्यात आले. ३० जूनच्या रात्री शेवटची गाडी सुटली, तेव्हा ती चालवायला इंजिनात जोहोरचे तत्कालीन सुलतान स्वतः होते. त्यांचेही नाव इब्राहिम, आणि बांधाच्या काळातले सुलतान इब्राहिम त्यांचे पणजोबा. मी बुकित तिमाच्या लोखंडी पुलापाशी गर्दीत उभा होतो. गाडी सावकाश गेली, लोकांनी हात हलवले, मोबाइल उंचावले, आणि मग बराच वेळ कोणी घरी जाईना. आता त्या वाटेवरचे रूळ बहुतांशी निघाले आहेत आणि तेथे सकाळी लोक चालायला येतात.

म्हणजे रेल्वेचे टोक वुडलँड्सला, १९०३ साली होते तसेच. २०१५ पासून लांब पल्ल्याच्या मलेशियन गाड्या बांध ओलांडून इकडे येत नाहीत. जोहोर बाहरू ते वुडलँड्स एवढीच ‘शटल तेब्राउ’ चालते, आणि क्वालालंपूरला जायचे असेल तर पलीकडे उतरून दुसरी गाडी धरावी लागते. दरम्यान बांध रस्त्यासाठी पुन्हा पुन्हा रुंद झाला, १९९८ साली तुआस येथे दुसरा पूलही झाला, तरी वुडलँड्सच्या रांगा कमी झाल्या नाहीत. पहाटे चार वाजता जोहोरहून मोटरसायकलींचा लोंढा सिंगापूरच्या कारखान्यांकडे आणि रुग्णालयांकडे निघतो. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे सीमा बंद झाली, तेव्हा रोज ये-जा करणारी हजारो माणसे कुठल्या तरी एका काठावर अडकली. माझ्या कार्यालयातला एक सहकारी सिंगापूरच्या एका खोलीत दीड वर्षाहून अधिक काळ राहिला, आणि त्याचे घर त्याच्या इमारतीच्या गच्चीवरून दिसत होते.

बांधाच्या पूर्वेला आता नव्या रेल्वेचे उंच खांब उभे आहेत. ४ किलोमीटर लांबीचा हा जोडमार्ग पाण्यापासून सुमारे २५ मीटर उंचीवरून जाईल, तासाला एका दिशेने १०,००० माणसे नेईल, आणि दोन्ही देशांची तपासणी निघण्याच्या स्थानकातच होईल. २०२६ च्या अखेरीस तो सुरू करण्याचे ठरले आहे, आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत शटल तेब्राउ बंद होणार आहे. १,०५६ मीटरच्या बांधावर मग रस्ता उरेल आणि नळ उरतील. ज्या गाडीसाठी तो घातला, ती शंभर वर्षांनी त्याच्या बाजूला, हवेतून जाईल.

परतीच्या गाडीत आईला मी उघाडीची आणि खांडीची गोष्ट सांगितली. ती ऐकून तिने विचारले, “उघाडी कुठल्या अंगाला होती?” मी जोहोरच्या टोकाकडे बोट दाखवले. तिने मान वळवली, पण तोवर ते टोक मागे गेले होते आणि खिडकीबाहेर फक्त नळ आणि थांबलेल्या बसगाड्या दिसत होत्या. गाडी थांबली. आम्ही पिशव्या उचलल्या, पासपोर्ट हातात घेतले आणि वुडलँड्सला उतरलो.